वडिलांना पार्किन्सन्सचं निदान झालंय. औषधांशिवाय घरी कोणकोणती मदत लागेल?

माझ्या बाबांना अकरा वर्षं पार्किन्सन्स होता, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी लागते ती घड्याळ सांभाळणारी व्यक्ती. लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाची) गोळी अर्धा तास उशिरा झाली की मघाशी चालणारा माणूस खुर्चीतून उठू शकत नाही. डाळ, दही, अंडं अशा प्रथिनांबरोबर घेतली तर ती नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची. बाबा खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी दवाखान्यात होते, तेव्हा गोळ्या वॉर्डाच्या वेळेने दिल्या गेल्या आणि दोन दिवसांत त्यांचं अंग लाकडासारखं झालं. तेव्हापासून गोळ्यांच्या वेळांचा कागद मी कायम जवळ ठेवला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये. त्याने पार्किन्सन्सची लक्षणं वाढतात.

रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून माणूस ठेवलात तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा की चालताना वडिलांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले तर त्यांना ओढायचं नाही. थांबायचं, 'एक, दोन' म्हणायचं. आम्ही बाथरूमच्या दाराशी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की बाबांचं पाऊल उचललं जायचं.

फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी आत्ताच सुरू करा, आवाज बसायची किंवा ठसके लागायची वाट बघू नका. आम्ही ती चूक केली.

पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळात जा. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. थरथरत्या हाताने कपातला चहा सांडला तरी तिथे कुणी वळून बघत नाही. लग्नाकार्याला जायचं टाळणारे बाबा तिथे मात्र आवर्जून जायचे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्स आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सवलती मिळतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा.

आणि तुमच्या आईकडे लक्ष असू द्या. पुढे रात्री कूस बदलायलाही मदत लागते. माझी आई रात्रीतून चार-चार वेळा उठायची आणि 'मला काही होत नाही' म्हणायची. तिची कंबर धरली तेव्हा आम्हाला कळलं. आठवड्यातून दोन दुपारी तरी तिला मोकळीक मिळेल असा माणूस आत्तापासून बघा, वडील स्वतः चालतायत तोवरच. नव्या माणसाच्या हाताची सवय व्हायला त्यांनाही वेळ लागेल.