सगळी पृथ्वी म्हणजे किती?

मनू आणि माशाच्या कथेवरचा लेख मागच्या अंकात आला आणि किनारपट्टीवरून पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत. नावं वगळून फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न (देवरूख) : मनूची होडी, बायबलमधलं नोहाचं तारू, बाबिलोनची कथा, सगळीकडे जलप्रलय आहे. मग एकदा तरी सारी पृथ्वी पाण्याखाली गेली असलीच पाहिजे ना?

उत्तर : आधी पाण्याचा हिशेब करू. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच आहे. ते बुडेपर्यंत पृथ्वी भरायची तर आज आहे त्यावर सुमारे ४४० कोटी घन किलोमीटर पाणी आणखी लागेल. सगळे महासागर मिळून पाणी आहे १३३ कोटींच्या आसपास. म्हणजे तिपटीहून जास्त पाणी कुठून तरी यायला हवं आणि नंतर कुठे तरी जायलाही हवं. हवेतली सगळी वाफ एका दमात पाऊस होऊन पडली, तरी पृथ्वीभर जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. ध्रुवांवरचा आणि डोंगरांवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र ६५ ते ७० मीटर चढेल. कोकणातली बंदरं त्यात जातील, सह्याद्री मात्र जागच्या जागी कोरडा राहील.

आता कथांचं साम्य. नोहाची कथा आणि गिल्गमेश या बाबिलोनी महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीवरची कथा या सख्ख्या बहिणी आहेत. नौका डोंगराला टेकते, पाणी ओसरलं का हे पाहायला पक्षी सोडतात, शेवटी होम होतो; क्रमसुद्धा जुळतो. ती पाटी जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये वाचून जाहीर केली, तेव्हापासून हा संबंध अभ्यासकांना माहीत आहे. दोन्ही कथांचं मूळ टायग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट खोऱ्यात आहे. तिथल्या उर गावी १९२९ मध्ये उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूली यांना तीन मीटरच्या आसपास जाडीचा पुराचा गाळ सापडला आणि ‘नोहाचा पूर मिळाला’ अशी हाकाटी झाली. पण त्याच खोऱ्यातल्या शुरुप्पक आणि किश इथले गाळ वेगळ्या काळातले निघाले, आणि उरच्या शेजारच्या एरिदूला तसा थरच मिळाला नाही. पूर अनेक आले, प्रत्येक आपापल्या गावापुरता. सपाट प्रदेशात बुडालेल्या माणसाला तो जगभर वाटणारच: डोळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवर असले तर क्षितिज पाचच किलोमीटरवर असतं.

मनूची कथा वेगळ्या घडणीची आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात ती सर्वांत जुन्या रूपात येते. मनू सकाळी हात धुतो आहे, ओंजळीत मासा येतो. तो आधी घड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात वाढतो. पूर येतो तेव्हा नाव माशाच्या शिंगाला बांधून उत्तरेच्या डोंगराला लागते. तिथे मासा जे सांगतो ते पूर पाहिलेल्या माणसाचं बोलणं आहे: नाव झाडाला बांध, पण डोंगरावर असताना पाण्यापासून तुटू नकोस, पाणी उतरेल तसतसा खाली ये. या रूपात सप्तर्षी नाहीत, बी-बियाणंही नाही. ती महाभारताच्या वनपर्वात येतात. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो आणि नदी होते कृतमाला. कथा सांगणाऱ्यांबरोबर दक्षिणेला आली आणि तिनं तिथली नदी घेतली.

प्रश्न (अलिबाग तालुका) : बायबलमधल्या ‘पृथ्वी’साठीच्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘देश’ असाही होतो म्हणतात. मग पूर स्थानिकच होता, असं ग्रंथच सांगतो का?

उत्तर : तुमच्या तालुक्यातल्या नवगावला बेने इस्राएल हा ज्यू समाज आपले पूर्वज उतरल्याची जागा मानतो, तेव्हा हिब्रू तिथे परकी नाही. ‘एरेत्स’ म्हणजे पृथ्वी, जमीन आणि देशही. त्याच ग्रंथात योसेफाच्या काळातला दुष्काळ ‘सगळ्या एरेत्स’वर पडतो, तेव्हा आसपासचे मुलूख एवढाच अर्थ निघतो. जत्रेला सगळं गाव लोटलं म्हणतो तेव्हा घरी कुणीच उरलं नाही, असा दावा आपणही करत नाही.

पण हा युक्तिवाद अर्ध्या वाटेवर थांबतो. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात ‘सगळ्या आकाशाखालचे सगळे उंच डोंगर’ झाकले गेले, असं आहे. लिहिणाऱ्याला जग बुडालेलंच सांगायचं आहे. पूर एका खोऱ्यापुरता मानला तर कथेचाच कणा मोडतो: तारू बांधण्यापेक्षा शेजारच्या मुलखात चालत जाणं सोपं होतं, आणि अरारातच्या डोंगराला नाव टेकेल एवढं पाणी एका उघड्या खोऱ्यात १५० दिवस कोंडून राहत नाही, ते उतारानं निघून जातं. आमचं मत स्पष्ट आहे: ग्रंथ काय म्हणतो हा एक प्रश्न, जमीन काय म्हणते हा दुसरा. ग्रंथ सार्वत्रिक प्रलय सांगतो, जमीन स्थानिक पूर दाखवते. एकाला वाचवायला दुसऱ्याचे शब्द ताणले की दोन्ही बिघडतात.

प्रश्न (गुहागर) : पुळणीपासून अर्ध्या किलोमीटरवर विहीर खणताना १२ फुटांवर शिंपल्यांचा थर लागला. हा प्रलयाचा पुरावा मानावा का?

उत्तर : मानू नये, पण टाकूनही देऊ नये. वर काढलेल्या ढिगातले शिंपले फारसे उपयोगाचे नाहीत, कारण कोण कुठल्या खोलीवरचा ते कळत नाही. थर भिंतीत जागेवर असताना पाहा. वाळूची भिंत कधी ढासळेल याचा नेम नसतो, म्हणून आधार लावल्याशिवाय आत उतरू नका. थापीनं वीतभर रुंद पट्टा गुळगुळीत तासा, वरून टेप सोडा आणि टेपसकट फोटो घ्या.

मग शिंपले बघा. तिसरीची (खाण्याच्या शिंपल्याची) दोन्ही झाकणं जोडलेली आणि मिटलेली असतील तर ती तिथेच जगली आणि तिथेच पुरली गेली, म्हणजे ती जागा पूर्वी खाडीचा तळ होती. सुटी झाकणं बहुतेक पालथी, फुगीर बाजू वर अशी असतील तर प्रवाहानं आणून टाकली. तुटकी, घासून गोल झालेली असतील तर जुनी पुळण. आणि खाण्याजोग्या एक-दोनच जाती, सगळे मोठे, सोबत कोळसा, माशांचे काटे, खापरं असं असेल तर तो कुणाच्या तरी चुलीमागचा उकिरडा आहे. प्रलयाच्या नावावर सांगितले जाणारे कितीतरी थर असले उकिरडे असू शकतात. वादळाचा किंवा त्सुनामीचा थर निराळा दिसतो: खाली-वर चिखल, मध्ये पातळ थर, त्याचा तळ सुरीनं कापल्यासारखा, खाली भरड आणि वर बारीक. मकरान किनाऱ्याच्या भूकंपाची त्सुनामी नोव्हेंबर १९४५ मध्ये मुंबईपर्यंत आली होती, तेव्हा असा थर अशक्य नाही.

सर्वांत मोठी चूक उंचीत होते. १२ फूट खोल हे जमिनीपासून, समुद्रापासून किती? गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि उधाणाच्या भरतीच्या खुणेपासून टप्प्याटप्प्यानं विहिरीच्या काठापर्यंत पातळी आणा. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, आणि तीस-पस्तीस टप्प्यांत चूक साठत जाते. म्हणून परत जाताना पुन्हा मोजा. तुमची जमीन समुद्राच्या मध्यम पातळीपेक्षा चार मीटर उंच असेल तर तो थर जेमतेम एक फूट वर आहे. तिथे शिंपले असायला प्रलय लागत नाही, रोजची भरती पुरते.

वय काढायचं तर त्याच थरातला कोळसा उत्तम. तो ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, कापसात किंवा कागदात नको. त्यातली मुळं आधी वेचा. शिंपल्याचं कार्बन-१४ वय खऱ्यापेक्षा साधारण ४०० वर्षं जास्त येतं, कारण समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. ती दुरुस्ती केलीच पाहिजे. सार्वत्रिक प्रलय म्हणायचा तर हाच थर, याच वयाचा, तुमच्या सड्यावर (किनाऱ्यामागच्या जांभ्याच्या पठारावर) आणि घाटमाथ्यावरही हवा. सड्यावरचा जांभा काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेला आहे, त्यात समुद्राचा शिंपला मिळत नाही. हिमालयात मिळतात, शाळिग्राम हे त्यांचेच भाऊबंद, पण ते टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या तळाचे खडक आहेत आणि जमीन उचलली गेली म्हणून ते वर गेले.

प्रश्न (चिपळूण) : परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला, ही हिमयुगाची आठवण असेल का?

उत्तर : दिशा उलटी आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र १२० मीटर खाली होता आणि किनारा आजच्याहून फार दूर. नंतर तो पुढे आला, सरासरी माणसाच्या एका आयुष्यात अर्धा-पाऊण मीटर. तेव्हा जमीन गेली, मिळाली नाही. महाभारताच्या शांतिपर्वात बाण नाहीच. सागर परशुरामाला शूर्पारक देश निर्माण करून देतो, एवढंच आहे. शूर्पारक म्हणजे नालासोपारा. कालिदासाच्या रघुवंशात मात्र रामाच्या, म्हणजे परशुरामाच्याच, अस्त्रानं हटलेला समुद्र येतो.

जमीन मिळण्याचा अनुभव कोकणाला आहे, तो हिमयुगापेक्षा खूप जवळचा. सोपारा आणि चौल या एके काळच्या गजबजलेल्या बंदरांना गाळानं ग्रासलं. आणि खाजणाला, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीला, बांध घालून माणसांनी शेतं केली: उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या वाटेतून) ओहोटीला पाणी बाहेर सोडायचं, भरतीला झडप मिटायची, मीठ धुऊन जायला पावसाळे जाऊ द्यायचे. बांधाला खांड पडली आणि ती पुढच्या उधाणाआधी बुजवली नाही, तर समुद्र ती जमीन परत घेतो.