इटलीत रोजच्या जेवणासोबत घ्यायची चार-सात युरोंची रेड वाइन कशी पारखावी?

नोकरीनिमित्त बोलोन्याला येऊन आपल्याला दोनच महिने झाले आहेत, सुपरमार्केटमधील वाइनच्या फळ्यांसमोर उभे राहिल्यावर काहीच सुचत नाही, आणि चार ते सात युरोंच्या बाटल्यांतून रोजच्या जेवणाला चालेल अशी रेड वाइन चवीवरून कशी ओळखावी, असे आपण विचारले आहे. मी गेली नऊ वर्षे तोरीनोमध्ये राहतो आणि घरी बहुतेक वेळा याच किमतीची वाइन घेतो. माझे पहिले सांगणे असे, की रोजच्या वाइनचा निवाडा पहिल्या घोटावर करू नये. तो जेवण संपल्यावर करावा.

हे मला एका संध्याकाळी नीट कळले. हिवाळ्यात आम्ही चौघे जेवायला जमलो होतो आणि मी सहा युरोंच्या आतल्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक पुलिया प्रांतातील प्रिमितीव्हो आणि दुसरी आमच्या पिएमोंतेमधील बार्बेरा द’आस्ती. दोन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर पेनाने 1 आणि 2 असे आकडे घातले. जेवणाआधी रिकाम्या तोंडी चाखल्यावर चौघांनीही प्रिमितीव्होलाच कौल दिला. ती दाट होती, तिला मनुकांचा गोडसर वास होता, आणि तिच्यापुढे बार्बेरा पातळ आणि आंबट वाटली. मग टोमॅटो आणि सॉसेजचा पास्ता वाढला गेला, त्यामागून जुने चीज आले, गप्पा रंगल्या. ताटे उचलताना पाहिले, तर बार्बेराच्या बाटलीत तळाचा गाळ तेवढा राहिला होता आणि प्रिमितीव्हो अर्धी तशीच होती.

याचे कारण आंबटपणात आहे. तेल, चीज आणि मांस यांचा तवंग जिभेवर साचतो, तो आंबट घोटाने धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा चवदार लागतो. टोमॅटो स्वतःच आंबट असल्यामुळे त्याच्यासोबत कमी आंबट वाइन बेचव लागते. आपल्याकडे जेवणात सोलकढी जे काम करते, तेच काम इथे बार्बेरा किंवा सान्जोव्हेजे या द्राक्षांची वाइन करते. गोडसर, दाट वाइन पहिल्या घोटाला मन जिंकते, पण दुसऱ्या पेल्याला जड होते. स्वस्त वाइनमधील अशी गोडी पुष्कळदा रस आंबवताना शिल्लक राहिलेल्या साखरेची असते. 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाइनवर पोषणमाहिती देणे युरोपात बंधनकारक आहे आणि ती बहुधा बाटलीमागच्या क्यूआर कोडमध्ये असते. तेथे 100 मिलिलिटरमागे साखर 1 ग्रॅम किंवा अधिक दिसली, तर ती बाटली मी जेवणासाठी घेत नाही.

आता प्रत्यक्ष चाखण्याविषयी. हिवाळ्यात इथली घरे वीस-एकवीस अंशांवर तापलेली असतात, आणि त्या तापमानाला स्वस्त रेड वाइनमधील अल्कोहोलच आधी नाकात शिरतो. म्हणून बाटली वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. पेला एक-तृतीयांशच भरावा आणि तो न हलवता आधी वास घ्यावा, कारण दोष याच वेळी कळतात. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा किंवा ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या द्रव्याने ती बाटली बिघडलेली असते. प्रमाण थोडे असेल तर वास जाणवत नाही, फक्त फळाची चव मेलेली लागते. पहिल्या वर्षी अशा दोन बाटल्या मी इटालियन वाइनचा स्वभावच असा असावा, असे समजून संपवल्या; आपण तसे करू नये, पावती घेऊन दुकानात परत द्याव्यात. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास ठळक असेल, तरी तेच करावे. काडी पेटवल्यासारखा वास मात्र पेला थोडा वेळ उघडा ठेवल्यावर पुष्कळदा निघून जातो.

घोट घेतल्यावर तो पाच-सहा सेकंद तोंडात फिरवावा आणि मग लक्ष तीन ठिकाणी द्यावे. जिभेच्या कडांना लाळ सुटली, आमसूल चोखल्यावर सुटते तशी, तर आंबटपणा भरपूर आहे. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आणि गाल जसे आखडतात तसे झाले, तर तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या तुरट द्रव्याचा, तुरटपणा होय. तो बारीक आणि क्षणभराचा असेल तर चांगला, कच्च्या केळ्यासारखा चिकटून राहिला तर द्राक्षे पुरती पिकली नव्हती असे बहुधा समजावे. घशात जळजळ झाली, तर अल्कोहोल बाकीच्या चवीला पेलवलेला नाही. गिळल्यानंतर फळाची चव किती टिकते, हे मनात आकडे मोजून पाहावे. सहा-सातपर्यंत टिकली तर पाच युरोंच्या वाइनने आपले काम चोख केले, असे मी मानतो. व्हॅनिलाचा दाट वास आला तर मी उलट सावध होतो. हा वास ओकच्या लाकडातून वाइनमध्ये उतरतो. 225 लिटरचे नवे ओकचे पिंप कित्येक शे युरोंना पडते आणि त्यातून 300 बाटल्याच भरतात. चार युरोंच्या बाटलीत तो खर्च बसत नाही, म्हणजे तो वास बहुधा वाइनमध्ये टाकलेल्या लाकडाच्या तुकड्यांचा असतो.

किमतीविषयी थोडे. इटलीत वाइनवर अबकारी कर शून्य आहे आणि 22 टक्के मूल्यवर्धित कर आहे, त्यामुळे पाच युरोंतून सुमारे 90 सेंट सरकारकडे जातात. उरलेल्यातून बाटली, बूच, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा भागायचा असतो, म्हणून जड, खोल बुडाच्या बाटलीवर खर्च केलेली स्वस्त वाइन मला पटत नाही. प्रसिद्ध नावाचीही किंमत मोजावी लागते. चार युरोंच्या किआन्तीपेक्षा तेवढ्याच पैशांत मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो बहुतेक वेळा सरस निघते. (यातील मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचे नाव आहे. तोस्कानातील मोन्तेपुल्चानो गावची व्हिनो नोबिले ही महाग वाइन सान्जोव्हेजेपासून होते, आणि फळीवर या दोहोंत गल्लत होते.) डीओसी आणि डीओसीजी ही लेबलवरची सरकारमान्य अक्षरे वाइन कोणत्या प्रदेशातली आणि कोणत्या नियमांनी केलेली आहे ते सांगतात, चवीची हमी देत नाहीत. त्यापेक्षा लेबलवर ‘इम्बोत्तिल्यातो आल्लोरिजिने’, म्हणजे जिथे वाइन केली तिथेच बाटलीत भरली, असे आहे का ते पाहावे. कान्तीना सोचाले, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरीची बाटली दिसली तर निःशंक घ्यावी. साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. स्वस्त वाइनबद्दल वयस्कर इटालियनांच्या मनात धास्ती आढळली तर तिचे मूळ 1986 मध्ये आहे. त्या वर्षी मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर तपासणी कडक झाली.

आपण बोलोन्यात आहात, त्यामुळे दूर जाण्याची गरजच नाही. रोमान्या सान्जोव्हेजे आपल्या पूर्वेला पिकते आणि लाम्ब्रुस्को पश्चिमेला, मोदेनाच्या बाजूला. घरी तिखट रस्सा किंवा भरली वांगी करणार असाल, तर ‘सेक्को’, म्हणजे गोड नसलेली, असे लिहिलेली लाम्ब्रुस्को दी सोर्बारा थंड करून घ्यावी. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही अधिक बोचतात, आणि या फिकट, फेसाळ वाइनमध्ये दोन्ही कमी असतात. गेल्या गणपतीत एका मित्राच्या घरी गौरी-विसर्जनानंतरच्या कोल्हापुरी रश्श्यासोबत ती इतकी जुळली की यजमानांनी बाटलीचा फोटो काढून ठेवला.

या शनिवारी एक रोमान्या सान्जोव्हेजे आणि एक बार्बेरा आणा, कागदात गुंडाळा, जेवणाआधी, जेवताना आणि जेवणानंतर चाखून तिन्ही वेळची पसंती लिहून ठेवा. उरलेल्यावर बूच घट्ट बसवून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि रविवारी दुपारी अर्धा तास आधी बाहेर काढून पुन्हा चाखा. जिच्यात फळाची चव अजून शाबूत असेल, तिच्या आणखी दोन बाटल्या आणायला हरकत नाही.