रामटेकला दोन दिवस मुक्काम आहे, सायकल सोबत आहे. जंगल आणि पाणी दोन्ही दिसेल असा रस्ता कोणता?

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. सकाळी गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव. जुने घाट, देवळं आणि माणसांपेक्षा माकडं जास्त (केळी पिशवीत दिसली की संपलं). तिथून खिंडसी तलाव अगदी जवळ. बोटिंगच्या गर्दीत थांबण्यापेक्षा काठाकाठानं थोडं पुढे जा. एका बाजूला पाणी, दुसरीकडे सागाच्या टेकड्या. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे सगळं हिरवंगार असतं आणि धानाच्या बांध्या पिवळ्या पडायला लागलेल्या असतात. माझ्या मते नागपूरच्या आसपास सायकलसाठी याहून चांगला तुकडा नाही. संध्याकाळी नगरधनचा किल्ला. रस्ता सपाट आहे.

दुसऱ्या दिवशी पारशिवनीकडे, घोगरा महादेव. पेंच नदी तिथे खडकांतून वाहते. पाणी सोडलेलं असेल तर खडकावर उतरू नका.

मनसरहून खवासाकडे जाणारा महामार्ग ४४ मात्र टाळाच. वन्यप्राण्यांसाठी खालून वेगळे मार्ग केलेत, सायकलवाल्यांसाठी वरती फक्त ट्रक. पेंच व्याघ्र प्रकल्पात मनानं सायकल घालायची नाही, आधी वनविभागाला विचारा. जंगलालगत असाल तर अंधाराआधी गावात परत या.

नागपूरहून येताना महामार्ग नको असेल तर इतवारीहून रामटेकची पॅसेंजर आहे. सायकल चढवायचं स्टेशनवर आधी विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर सकाळी नऊच्या आत खोलीवर!