वाचकांचे प्रश्न : आमच्या अंगणातले पाणी जाते कुठे?

प्रश्न : नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरात आमची सोसायटी आहे. मोठा पाऊस झाला की मागच्या नाल्याचे पाणी पार्किंगमध्ये शिरते आणि उन्हाळ्यात बोअरला पाणी राहत नाही. गोदावरी तर आमच्यापासून बरीच लांब आहे. मग नदीचे पाणलोट क्षेत्र (ज्या भागातले पाणी वाहत तिला मिळते तो सगळा भाग) जपायचे म्हणजे आम्ही नेमके काय करायचे?

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. जे पाणी जमिनीत मुरायला हवे होते, तेच पार्किंगमध्ये शिरते. नाशिकच्या जमिनीखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे भूजलाचा साठा मुळातच बेताचा असतो आणि दर पावसाळ्यात तो नव्याने भरावा लागतो. अंगणभर पेव्हर ब्लॉक आणि त्याखाली काँक्रीट घातले, की ही वाट बंद होते आणि सगळे पाणी एकदम नाल्यावर जाऊन पडते.

नदी लांब असली तरी आपण तिच्या पाणलोटातच राहता. आपला परिसर नासर्डी आणि वालदेवी या दोन नद्यांच्या मधला आहे. नासर्डी, म्हणजेच नंदिनी, शहरातून वाहत जाऊन आगर टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वालदेवी दारणेला मिळते आणि दारणा पुढे गोदावरीला. आपला नाला या दोहोंपैकी कोणाकडे जातो, हे आधी ठरवावे, कारण तक्रार कुठे करायची आणि कोणत्या वसाहतींना सोबत घ्यायचे हे त्यावर अवलंबून आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहता येतात आणि त्यांवरून जमिनीचा उतार कळतो. पण त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पावसाची सर ओसरल्यावर दोघातिघांनी नाल्याच्या कडेने खाली चालत जाणे. कुठे मोरीचा पाइप प्लास्टिकने तुंबला आहे, कुठे भराव टाकून पात्र अर्धे केले आहे, हे अशा फेरीत डोळ्यांनी दिसते.

दुसरी फेरी मे महिन्यात, सकाळी आठच्या सुमारास मारावी. पाऊस नसताना नाला वाहत असेल आणि पाण्यावर साबणाचा फेस असेल, तर कोणत्या तरी इमारतीचे सांडपाणी भुयारी गटाराऐवजी पावसाळी गटारात सोडलेले आहे, असे बहुधा समजावे. अशी जागा सापडल्यास छायाचित्रासह महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. माझ्या मते नाला वाचवण्याच्या कामांत हे सर्वांत मोलाचे आहे, कारण शहराने कितीही मलनिस्सारण केंद्रे उभारली, तरी त्यांच्यापर्यंत न पोहोचणारे सांडपाणी नदीतच जाते.

आता सोसायटीच्या आवारातले काम. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. म्हणजे 500 चौरस मीटरच्या गच्चीवर एका रात्रीत 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 25,000 लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे अडीच टँकर, पाणी खाली येते. पहिल्या पावसाचे मळके पाणी सोडून द्यावे आणि पुढचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून शोषखड्ड्यात घालावे. खड्डा मुरमापर्यंत गेलेला असावा. अखंड पाषाणावर तो तसाच भरून राहील. पार्किंगमधले तेलकट पाणी मात्र बोअरमध्ये कधीही सोडू नये, कारण बिघडलेले भूजल सुधारायला वर्षानुवर्षे लागतात.

प्रश्न : आमच्याकडे नाल्यावर स्लॅब टाकून वर जॉगिंग ट्रॅक करावा, असा प्रस्ताव आहे. दुर्गंधीही जाईल. आपले मत काय?

उत्तर : माझे मत स्पष्ट विरोधाचे आहे. स्लॅबखाली तुंबलेला गाळ दिसत नाही, तो काढताही येत नाही, आणि दुर्गंधीचे कारण असलेले सांडपाणी तसेच वाहत राहते. नाशिककरांनी सप्टेंबर 2008 चा पूर पाहिला आहे. त्यानंतर पूररेषांची चर्चा घरोघरी झाली : निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नाल्याला अशी रेषा आखलेली नसली, तरी त्यालाही पूर येतोच. ट्रॅक हवा असेल तर तो काठापासून मागे, मातीचा करावा, आणि मधल्या पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ अशी झाडे व उतारावर वाळा लावावा. प्रस्ताव सोसायटीच्या सभेत येण्यापूर्वीच आपली हरकत लेखी नोंदवून ठेवावी.