नकाशे काढताना मेमरी संपते: आधी प्रत्येक फेरीला किती वाढते ते मोजा

तुमची अडचण मी अशी समजलो: हवामान खात्याच्या रोजच्या पावसाच्या ग्रिड आकडेवारीवरून मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉनची आलेख काढणारी लायब्ररी) दिवसाला एक नकाशा काढायचा आहे. अनेक वर्षांचं काम एकाच लूपमध्ये लावलंय. 16 जीबीच्या लॅपटॉपवर चारेकशे नकाशे झाले की टर्मिनलवर नुसतं ‘किल्ड’ (सिस्टिमने प्रोग्रॅम मारला) असं येतं आणि सगळं थांबतं. आकृतीचं नाव पुसणारं ‘डेल फिग’ लिहून पाहिलं, वापरात नसलेली मेमरी मोकळी करायला लावणारं ‘जीसी.कलेक्ट’ही करून पाहिलं, काहीच फरक नाही. म्हणून आता 64 जीबीचं मशीन मागायच्या विचारात आहात.

मशीन मागू नका. त्याआधी कागदावर पाच मिनिटं हिशेब करा.

हवामान खात्याचं 0.25 अंशाचं ग्रिड 135 × 129 बिंदूंचं आहे. म्हणजे 17,415 बिंदू. प्रत्येकाला 4 बाइट धरले तर एका दिवसाची माहिती साधारण 70 केबी आणि अख्ख्या वर्षाची सुमारे 25 एमबी. दहा वर्षं एकदम मेमरीत ठेवली तरी 16 जीबीच्या मशीनला त्याचं काही वाटू नये. आता तुमचं चित्र बघा. कोडात आकृती 10 × 8 इंचाची आहे आणि 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) सेव्ह होते. म्हणजे 3000 × 2400 पिक्सेल, प्रत्येकी 4 बाइट: 28.8 एमबी. तुमच्या एका दिवसाच्या नकाशाचा पिक्सेलसाठा वर्षभराच्या पावसाच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे! असे 365 नकाशे कुणी मेमरीत धरून ठेवले तर 10.5 जीबी झाले. ब्राउझर आणि बाकीचं सामान त्यात मिळवा, म्हणजे चारशेच्या आसपासच का मरतं ते कळेल.

आता ते धरून कोण ठेवतं? पायप्लॉट, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा तुम्ही ‘पीएलटी’ नावाने वापरता तो भाग. ‘पीएलटी.फिगर’ किंवा ‘पीएलटी.सबप्लॉट्स’ने काढलेली प्रत्येक आकृती पायप्लॉट स्वतःच्या यादीत नोंदवून ठेवतो. तुम्ही ‘डेल फिग’ केलंत तेव्हा फक्त तुमच्याकडचं नाव पुसलं गेलं, यादीतली नोंद तशीच राहिली. ज्या वस्तूचा रेफरन्स कुणाकडे तरी आहे तिला गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा पायथॉनचा भाग) हात लावत नाही, आणि त्याने लावूही नये. यादीतून नाव काढायचं काम ‘पीएलटी.क्लोज(फिग)’ करतं. ‘पीएलटी.सीएलएफ’ने आकृतीतला मजकूर जातो, पण आकृती यादीतच राहते. वीसपेक्षा जास्त आकृत्या उघड्या राहिल्या तर मॅटप्लॉटलिब स्वतःहून वॉर्निंग देतं. तुमच्या कोडाच्या अगदी वरच सगळ्या वॉर्निंग्ज बंद करणारी ओळ आहे. ती कृपा करून आजच काढा. ती नसती तर एकविसाव्या नकाशालाच उत्तर मिळालं असतं.

हे माझ्या सांगण्यावरून मानू नका, तपासा. लूपमध्ये दर दहा नकाशांनंतर ‘पीएसयूटिल’ लायब्ररीने प्रोसेसची आरएसएस मेमरी (रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली) छापा. पहिले काही आकडे सोडून द्या. तेव्हा फॉन्ट, किनारपट्टीच्या शेपफाइल्स असं बरंच काही एकदाच लोड होतं आणि त्यात वाढ दिसणं साहजिक आहे. त्यानंतर प्रत्येक नकाशामागे किती वाढ होते ते बघा. साधारण 29 एमबी असेल तर पिक्सेलसाठाच. खात्री हवी असेल तर डीपीआय 150 करा. साठा 7.2 एमबीवर येतो, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. वाढही त्याच प्रमाणात घटली तर शंकेला जागा उरत नाही.

मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, कारण वाढीचा आकारच दोषी कोण ते सांगतो. दर नकाशाला 70 केबीच्या आसपास वाढ असेल तर दिवसाचा अॅरे (आकड्यांचा तक्ता) कुठल्यातरी यादीत जमा होतोय. मेमरी बराच वेळ स्थिर राहून नव्या वर्षाची फाइल उघडली की 25 एमबीने चढत असेल, तर नमपायच्या (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) अॅरेचे तुकडे तपासा. अॅरेमधून एका दिवसाचा तुकडा काढला की त्याची प्रत होत नाही, तो मूळ अॅरेवरचा व्ह्यू, म्हणजे त्याच मेमरीकडे बघणारी खिडकी, असतो. ‘सर्वाधिक पावसाचे दिवस’ म्हणून वर्षातला एकच तुकडा यादीत ठेवलात तरी त्याच्यामागे पूर्ण वर्ष अडकून राहतं. तिथे ‘कॉपी’ करून ठेवा. आणि वाढ सुरुवातीला होऊन नंतर सपाट झाली तर ती गळती नाहीच. ग्लिबसी (लिनक्सवर मेमरी वाटणारी सी लायब्ररी) मोकळी झालेली मेमरी लगेच ऑपरेटिंग सिस्टिमला परत करेलच असं नाही, पुढच्या मागणीसाठी स्वतःकडे ठेवते. त्या आकड्यामागे धावू नका.

दुरुस्ती. ‘सेव्हफिग’नंतर ‘क्लोज’ हा किमान उपाय. पडद्यावर काही दाखवायचं नसेल तर बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष रंगवणारा भाग) ‘अॅग’ ठेवा, तो खिडकी उघडत नाही. खिडकीवाल्या बॅकएंडमध्ये लूप चालू असताना खिडक्या नीट नष्ट व्हायला इव्हेंट लूपची वाट पाहावी लागते. त्याहून चांगलं म्हणजे पायप्लॉट बाजूला ठेवून ‘फिगर’ क्लासमधून थेट आकृती बनवणं. ती कुठल्याही यादीत जात नाही. मॅटप्लॉटलिबचे कर्ते वेब सर्व्हरसाठी हाच मार्ग सुचवतात.

सगळ्यात उत्तम, आकृती एकदाच बनवा आणि दर दिवशी ‘पीकलरमेश’ला (ग्रिडचे चौकोन रंगवणारं फंक्शन) ‘सेट_अॅरे’ने फक्त नवे आकडे द्या. किनारपट्टी पुन्हा पुन्हा काढावी लागत नाही, त्यामुळे वेळही वाचतो. पण मग कलरबार लूपच्या बाहेर हवा. तो आत राहिला तर दर फेरीला नवा कलरबार नकाशाची जागा खातो आणि नकाशा दिवसेंदिवस आकसत जातो. चित्रं पालटून बघताना हे लगेच डोळ्यांत भरतं. ‘कंटूरएफ’ (रंग भरलेले समपातळी पट्टे) वापरत असाल तर जुने कंटूर काढूनच नवे काढा.

पायथॉनच्या मेमरीचा माग ठेवणाऱ्या ‘ट्रेसमॅलॉक’ने काहीच सापडलं नाही असंही तुम्ही लिहिलंय. सापडणार नाही. त्याला पायथॉनच्या वस्तू आणि नमपायचे अॅरे दिसतात, ‘अॅग’चा पिक्सेलसाठा सी++मध्ये घेतला जातो. लिनक्स किंवा मॅकवर ‘मेमरे’ हे मेमरी मोजणारं साधन वापरा, त्यात तेही दिसतं.

पॅराव्ह्यू या त्रिमितीय आकडेवारी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल ज्यांनी विचारलंय (500 × 500 × 50 चं ग्रिड, थ्रेशोल्ड, म्हणजे ठरावीक मूल्यांचेच घन ठेवणारा फिल्टर, लावला की मेमरी उसळते आणि डोळ्याच्या चिन्हाने फिल्टर लपवूनही उतरत नाही), त्यांच्याकडेही आधी हिशेबच. सव्वा कोटी बिंदू, एका चलाचे 4 बाइट, म्हणजे 50 एमबी. नियमित ग्रिडला बिंदूंचे निर्देशांक साठवावे लागत नाहीत, ते आरंभबिंदू आणि अंतरावरून निघतात. थ्रेशोल्डचं फलित मात्र अनियमित ग्रिड असतं. तिथे प्रत्येक घनाचे आठ कोपरे 8 बाइटच्या क्रमांकांनी लिहिले जातात, म्हणजे 64 बाइट, शिवाय बिंदूंचे निर्देशांक वेगळे. बहुतेक घन थ्रेशोल्डमधून पार होत असतील तर 50 एमबीच्या चलासाठी भूमितीच 1 जीबीच्या घरात जाते. त्यावर आणखी एक क्लिप (भाग कापणारा फिल्टर) लावलात की पुन्हा तेवढीच नवी प्रत, कारण पाइपलाइनमधला प्रत्येक फिल्टर स्वतःचं फलित जवळ ठेवतो. डोळा मिटल्याने फक्त दिसणं थांबतं. नको असलेला फिल्टर डिलीट करा आणि स्लाइस किंवा कंटूरने काम भागत असेल तिथे थ्रेशोल्ड लावूच नका. मेमरी इन्स्पेक्टर पॅनेल उघडं ठेवलंत तर कुठल्या पायरीला उडी बसते ते समोरच दिसेल.

एवढं करूनही वाढ थांबली नाही आणि ती एखाद्या सी++ लायब्ररीच्या आत निघाली, तर एका वर्षाला एक वेगळी प्रोसेस चालवा. पायथॉनच्या ‘मल्टिप्रोसेसिंग’च्या पूलमध्ये (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसचा गट) ‘मॅक्सटास्क्सपरचाइल्ड’ (एका प्रोसेसने किती टास्क करायचे) 1 ठेवलं, आणि एका टास्कमध्ये एकच वर्ष दिलं, की ते काम संपताच प्रोसेस मरते आणि सगळी मेमरी सिस्टिमकडे परत जाते. रात्रभर चालणाऱ्या बॅच कामासाठी यात कमीपणा काही नाही. सतत चालू राहणाऱ्या डॅशबोर्डला मात्र हे पुरणार नाही, तिथे दोषी शोधावाच लागेल. आधी ‘क्लोज’ घालून शंभर नकाशे काढा आणि दर दहा नकाशांचे आरएसएसचे आकडे कळवा. त्यावरून पुढचं बघू.