मुलांची भेट : आदेशात काय लिहून घ्यावं?

प्रश्न : आमचा घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. पत्नी सात वर्षांच्या मुलीसह कोल्हापूरला माहेरी राहते. ‘वडिलांना योग्य ती भेट द्यावी’ असा अंतरिम आदेश झाला. पण कधी मुलगी आजारी, कधी परीक्षा, असं म्हणून भेट टळतेच. आता काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : या आदेशात वार, वेळ, जागा काहीच नाही. मग तो मोडला हे दाखवणार कसं? म्हणून न्यायालयाच्या अवमानाच्या अर्जामागे लागण्याआधी चालू दाव्यातच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली अर्ज द्या आणि भेटीचं वेळापत्रक ठरवून मागा. दावा पुण्यात असल्याने हा अर्जही तिथेच चालतो. दावाच नसता, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली मुलगी जिथे नेहमी राहते तिथे, म्हणजे कोल्हापुरात जावं लागलं असतं.

महिन्यातले कोणते शनिवार-रविवार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुलीला कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं आणि तेव्हा कोण हजर असेल, हे सगळं अर्जात लिहा. प्रवास कोणाचा, खर्च कोणाचा, तेही लिहा. दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर फेरी सात वर्षांच्या मुलीला झेपणार नाही. महिन्यातून दोनदा तुम्हीच कोल्हापूरला जाल असं मांडलंत तर मागणीला वजन येतं. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी मागताना पहिला अर्धा भाग कोणत्या वर्षी कोणाकडे, हेही सांगा. गणपती, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग यांची वेगळी ओळ हवी, कारण भांडणं नेमकी त्याच दिवशी होतात.

सगळ्यात उपयोगी पडणारी अट बदली भेटीची : भेट हुकली तर ती लगेचच्या शनिवारी आपोआप मिळेल आणि आजारपणाचं कारण असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी पाठवावी लागेल. हे लिहून घेतलं की सबबी पुष्कळ कमी होतात.

मधे बरेच महिने गेले असतील तर एकदम मुक्कामाची मागणी करू नका. मुलगी बुजलेली असते; पहिलीच रात्र रडण्यात गेली की तेच पुढे तुमच्याविरुद्ध मांडलं जातं. आधी न्यायालयातल्या मुलांच्या कक्षात विवाह समुपदेशकांच्या देखरेखीखाली दोन-तीन भेटी, मग दिवसभर बाहेर, मग मुक्काम, असे टप्पे अर्जातच सुचवा.

फोनची वेळही मागा. यशिता साहू प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, विशेष कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यायला हवं; त्यासाठी व्हिडिओ कॉल सर्वांत चांगला. वेळ आणि कोणाच्या फोनवर, हे नमूद करून घ्या.

हुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख, मेसेज, तिकीट जपून ठेवा. मुलीचं बोलणं मात्र रेकॉर्ड करू नका आणि तिच्याकडून आईची माहिती काढू नका. तिला त्याचा त्रास होतो आणि न्यायालयातही ते तुमच्यावरच उलटू शकतं. स्पष्ट आदेशही मोडला, तर त्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज, म्हणजे दरखास्त, दाखल करता येते. वारंवार अडवणूक झाली, तर ताब्याच्या फेरविचारासाठीही ते कारण ठरू शकतं.

प्रश्न : पती साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून सोलापूरला घेऊन गेले आणि आता परत पाठवत नाहीत. वडीलच नैसर्गिक पालक असतात, असं सासरचे म्हणतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धंच सांगतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्येच पुढे म्हटलं आहे की, पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. गोव्यातल्या रोक्सान शर्मा प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, या वयात आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर असते.

उशीर करू नका. महिने गेले की ‘मूल आता इथे रुळलंय’ हा त्यांचा मुद्दा बळकट होतो. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा अर्ज करताना मूल नेहमी ठाणे शहरातच राहत होतं हे दाखवा : लसीकरणाचं कार्ड, बालवाडीची पावती, डॉक्टरांचे कागद. मुख्य अर्जासोबत अंतरिम ताब्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. घरात मारहाण किंवा छळ झाला असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारीही तात्पुरता ताबा देऊ शकतात. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिकेचा (बेकायदा ठेवून घेतलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) मार्गही आहे, पण गुंतागुंतीचा पुरावा तपासायचा असेल तर तिथून कौटुंबिक न्यायालयाकडेच पाठवलं जाण्याची शक्यता असते. नातेवाइकांना घेऊन जाऊन मुलाला उचलून आणू नका.

प्रश्न : पती पोटगी देत नाहीत. मी भेट बंद करू शकते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. थकबाकीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करा. भेटीचा आदेश चालूच राहतो. भेट तुम्ही थांबवलीत, तर आदेश मोडणाऱ्या तुम्ही ठरता आणि थकबाकीचा प्रश्न मागे पडतो. उलट बाजूनेही तेच : भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही.

प्रश्न : तेरा वर्षांचा मुलगा वडिलांकडे जायला तयारच नाही. न्यायालय त्याचं ऐकेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ऐकेल, पण त्याच्या एका ‘नाही’वर निकाल लागत नाही. समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर त्या पसंतीचा विचार करता येतो, असं १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाचं कलम १७ सांगतं. वय ठरवून दिलेलं नाही. न्यायाधीश अनेकदा मुलाशी आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. त्याला काय बोलायचं ते पढवू नका; वकिली शब्द त्याच्या तोंडी आले की लगेच लक्षात येतं. मारहाणीची किंवा दारूची भीती हे कारण असेल, तर ते तुमच्या शपथपत्रात प्रसंग आणि तारखांसह लिहा आणि देखरेखीखालची भेट मागा. कारण तसं काही नसेल, तर समुपदेशकांकडे त्याची स्वतंत्र सत्रं मागा आणि त्यांचा अहवाल येईपर्यंत फोन चालू ठेवा.