वाचकांचे प्रश्न : ड्रोनने गळ टाकण्यापूर्वी

प्रश्न : मी सेलू तालुक्यातील शेतकरी आहे. निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी आमच्या शिवाराला लागून आहे आणि लहानपणापासून मी काठावरून गळ टाकत आलो आहे. पाणी ओसरले की काठ उथळ होतो आणि मोठे मासे आत खोल पाण्यात निघून जातात. भाच्याने मला ड्रोनला तंगूस (गळाची नायलॉन दोरी) अडकवून आमिष दूरवर सोडण्याची पद्धत दाखविली. सुरुवात कशी करावी, कोणता ड्रोन घ्यावा आणि परवानगी लागते का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आपण परवानगीचा प्रश्न शेवटी विचारला असला तरी मी सुरुवात तेथूनच करतो. आपल्याकडील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ही संस्था पाण्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडते आणि तिच्या सभासदांची चूल त्याच माशांवर पेटते. म्हणून प्रथम संस्थेच्या कार्यालयात जाऊन हौशी गळासाठी परवानगी आहे का, शुल्क किती आणि कोणता भाग मोकळा आहे, हे विचारून घ्यावे. ड्रोनने गळ टाकणार आहोत हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे. आकाशातून येणारा आवाज कशाचा आहे हे ठाऊक नसेल, तर रात्रभर जाळे राखणाऱ्या माणसाच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे.

संस्थेकडे जाण्याचे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. काठावरून हाताने फेकलेला गळ साधारणपणे 40-50 मीटरांच्या आत पडतो, आणि तेथे काय आहे हे आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते. ड्रोन तोच गळ 150-200 मीटर आत नेतो, म्हणजे थेट जाळ्यांच्या पट्ट्यात. संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावरून लावलेले जाळे लाटांत नीट दिसत नाही. पाण्यावर दिसतात त्या केवळ त्याच्या बोया, आणि त्याही दुरून पाणपक्ष्यांसारख्या वाटतात. ताणलेला तंगूस अशा जाळ्यावरून ओढला गेला तर जाळे फाटते, आणि त्या कुटुंबाचे कित्येक दिवसांचे उत्पन्न जाते. जाळी कोठे लावली आहेत हे सभासदांनाच विचारावे आणि तो भाग सोडून द्यावा. याशिवाय पाण्याखाली गेलेल्या शिवारातील बाभळीचे बुंधे आणि विहिरींची बांधकामे तळाशी तशीच उभी असतात, त्यामुळे 200 मीटरवर लागलेला शिवडा काठापर्यंत येण्याआधी अशाच एखाद्या बुंध्यात अडकतो, दोरी तुटते आणि गळ तोंडात घेऊनच तो मासा निघून जातो. म्हणून पहिले वर्षभर आपण 80-100 मीटरांच्या पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. काठाचा उथळ पट्टा ओलांडायला बहुतेक ठिकाणी तेवढे अंतर पुरते.

आता ड्रोनविषयी. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो आणि 2 ते 25 किलोपर्यंतचा स्मॉल गटात मोडतो. नॅनो गटातील खेळण्यासारखे ड्रोन शिशासह आमिष उचलून वाऱ्यात स्थिर राहू शकत नाहीत, त्यामुळे आपल्याला मायक्रो गटातच पाहावे लागेल. या गटातील ड्रोन व्यवसायासाठी न वापरता हौसेसाठी उडवायचा असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घेणे आणि तृतीय पक्ष विमा काढणे आवश्यक आहे. मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र (ते मॉडेल ठरलेल्या निकषांत बसत असल्याचा दाखला) आहे का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला लेखी विचारावे. ड्रोन कोठे उडवता येतो हे दाखविणाऱ्या सरकारी हवाई नकाशातील हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, परंतु चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत ती लागते. धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजे यांपासून तर दूरच राहावे.

यंत्राचे काम ऐकायला सोपे आहे. ड्रोनच्या पोटाला एक सोडचाप बसवितात. रिमोटचे बटण दाबले किंवा दोरीला ठरावीक ताण बसला की तो उघडतो आणि आमिष सुटते. मी ताणाने उघडणाऱ्या चापाच्या बाजूने आहे, कारण रीळ अडकले तरी तो आपोआप सुटतो आणि ड्रोन पाण्यात ओढला जात नाही. दोरी ड्रोनला गाठ मारून कधीही बांधू नये. आमिष आणि शिसे ड्रोनच्या खाली दीड-दोन मीटर लोंबत ठेवावे, नाहीतर झोका बसून दोरी पंख्यांत जाते.

वजनाच्या बाबतीत नवशिके हमखास चुकतात. आमिष 50 ग्रॅम आणि शिसे 100 ग्रॅम, एवढाच हिशोब करून ते निघतात. परंतु रिळावरून सुटणाऱ्या दोरीचा अडथळा आणि त्या दोरीवर बसणारा वारा अंतरागणिक वाढत जातो, आणि बॅटरी तिकडेच खर्च होते. आडवा वारा असला की दोरीला मोठे पोट येते आणि ड्रोन पुढे जाण्याऐवजी एका कुशीला ओढला जातो. गुंफलेली बारीक दोरी वापरल्यास हा ओढा कमी होतो, आणि ती नायलॉनसारखी ताणली जात नसल्यामुळे दूरवरची लहानशी ओढही हाताला जाणवते. बॅटरी 40 टक्क्यांवर आली की आमिष जेथे असेल तेथे सोडून परतावे.

सराव पाण्यावर करू नये. ज्वारी काढून मोकळे झालेले रान यासाठी उत्तम. पहिले आठ दिवस दोरीशिवाय केवळ वाळूची पिशवी उचलून ठरलेल्या खुणेवर सोडावी, मग दोरी जोडावी. या कामाला दोन माणसे लागतात. भाचा ड्रोन सांभाळेल आणि रीळ आपण सांभाळावे; रीळ मोकळे सोडायचे, पण एक बोट दोरीवर हलके टेकलेले ठेवायचे. बोट उचलले की रीळ ड्रोनपेक्षा वेगाने फिरते, काठावर दोरीची वेटोळी पडतात आणि त्यातला गुंता कात्रीशिवाय सुटत नाही. ही चूक मी स्वतः अनेकदा केली आहे, आणि बोटाखालून दोरी सरसरत जाताना तिचा वेग ओळखता येऊ लागला तेव्हाच मी पाण्याकडे गेलो.

पाण्यावर ड्रोनच्या खालच्या बाजूचे सेन्सर फसतात, कारण हलत्या, चकाकत्या पृष्ठभागावरून त्यांना उंची आणि जागा नीट कळत नाही. म्हणून जाता-येता पाण्यापासून किमान 5 मीटर उंची राखावी. जागेवर पोहोचल्यावर हळूहळू खाली येऊन आमिष पाण्याला अलगद टेकू द्यावे आणि मगच चाप उघडावा. वरून टाकलेले पिठाचे गोळे आदळून फुटतात. त्यानंतर ड्रोन आधी सरळ वर न्यावा आणि दोरीची बाजू सोडून परत आणावा. हिवाळ्यातील सकाळ, वारा सुटण्यापूर्वीचे दोन-तीन तास, या कामाला सर्वांत चांगली. जून ते ऑगस्टमध्ये रोहू, कटला आणि मृगळ यांचा विणीचा हंगाम असतो, त्या काळात गळ घरीच ठेवावा. आणि मरळीसाठी ड्रोनची मुळीच गरज नाही. ती काठच्या गवतात, उथळ पाण्यातच असते.

प्रश्न : माझा मुलगा दुबईला नोकरी करतो. तेथे मासेमारीसाठीच बनविलेले, पाण्यात पडले तरी खराब न होणारे ड्रोन मिळतात. येताना त्याने एक आणावा का?
— एक वाचक, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : आणू नये. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारची बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसारख्या कामांपुरताच त्याला अपवाद आहे. सुट्या भागांची आयात चालते, परंतु भाग जोडून घरी ड्रोन तयार करणे हे नवख्या माणसाचे काम नव्हे. विमानतळावर वस्तू जप्त होऊन मुलाला मनस्ताप होईल. येथेच नोंदणी होऊ शकेल असा ड्रोन घ्यावा, सोडचाप वेगळा बसवून घ्यावा, आणि ड्रोन पाण्यात पडू शकतो हे गृहीत धरूनच पैसे खर्च करावेत.

प्रश्न : नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, ड्रोनने गळ टाकता येईल का? काठ फार उथळ आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, पैठण

उत्तर : जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या हद्दीत ही पद्धत वापरू नये. हे अभयारण्य 1986 साली घोषित झाले आहे आणि तेथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. आपण ज्या उथळ काठाची अडचण सांगता, त्याच चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी चरतात. ड्रोनचा आवाज आला की सगळा थवा एकदम उठतो, आणि लांबच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उडावे लागते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. ते पक्षी घरट्यावरून उडाले की अंडी उन्हात भाजतात. आपली हद्द अभयारण्यात येते की नाही, हे वन विभागाच्या कार्यालयात नकाशावर पाहून घ्यावे. ती येत असेल तर आपल्यासाठी लांब पल्ल्याची काठी आणि जड शिसे हाच योग्य मार्ग आहे, आणि तोही मासेमारीची परवानगी घेऊनच.